सी लायन जवळ येतो तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं

गेली काही वर्षं वसंत ऋतू आला की दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सारख्याच बातम्या येतात. सर्फिंग करणाऱ्याच्या बोर्डपर्यंत सी लायन पोहत आला आणि त्याला चावला. लाइफगार्डच्या प्रशिक्षणासाठी पोहण्याची टेस्ट देणाऱ्या शाळकरी मुलीला पाण्यातच चावला. २०२५ च्या वसंतात तर अशा घटना इतक्या चर्चेत आल्या की वर्षानुवर्षं त्याच पाण्यात पोहणारे लोकही उतरायला बिचकायला लागले. आणि त्याच फोनवर, त्याच दिवशी, दुसरा व्हिडिओ दिसतो ज्यात सी लायनचं पिल्लू डायव्हरच्या मास्कमध्ये डोकावतंय, त्याच्या पायातलं फिन हळूच चावून ओढतंय, गिरक्या घेतंय, आणि खाली हजारो लोकांनी किती गोड किती गोड लिहिलंय.

दोन्ही व्हिडिओ खरे आहेत आणि प्राणी एकच आहे. मग हा प्राणी मित्र आहे की धोकादायक, असं लोक विचारतात. मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. विचारायचं असेल तर हे विचारावं, की तो जवळ आला तो कशासाठी आला. कुतूहलाने, भुकेने, सवयीने, रागाने की आजारपणाने? बाहेरून या पाचही गोष्टी सारख्याच दिसू शकतात आणि घोळ तिथेच होतो.

आधी ओळख करून घेऊ

मराठीत समुद्रसिंह म्हणतात खरं, पण बोलताना बहुतेक जण सी लायनच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरते. सील आणि सी लायन हे वेगळे प्राणी आहेत. सी लायनला बाहेर दिसणारे छोटे कान असतात, सीलला फक्त भोकं असतात. सी लायन पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी पोहतो, आणि मागचे पाय पोटाखाली वळवून जमिनीवर चक्क चालतो, वेळ आली तर दगडांवरून पळतो. सील बिचारा पोटावर सरपटत जातो. सर्कशीत नाकावर चेंडू तोलणारा जो 'सील' म्हणून लोकांच्या डोक्यात बसलाय तो बहुतेक वेळा सी लायन असतो.

आकाराचा अंदाज बहुतेकांना नसतो. कॅलिफोर्नियातल्या जातीची मादी साधारण १०० किलोची, आणि पूर्ण वाढलेला नर ३५० किलोपर्यंत जातो. नात्याने हे कुत्रा, अस्वल यांच्या बाजूचे, त्यामुळे सुळेही तसेच. व्हिडिओत जो गुबगुबीत दिसतो तो प्रत्यक्षात शेजारून गेला की अंगावर काटा येतो.

आणि एक गोष्ट, जी पुढे सगळीकडे लागणार आहे. या प्राण्याला हात नाहीत. जगातली कुठलीही नवी वस्तू तपासायची तर त्याच्याकडे मिशा आणि तोंड एवढंच. मिशा इतक्या संवेदनशील असतात की पाण्यातून मासा गेल्यावर मागे राहणारी हालचालसुद्धा त्यांना कळते. रांगणारं बाळ कसं खेळणं, चप्पल, किल्ली सगळं आधी तोंडात घालतं, तसं सी लायनचं पिल्लू दोरी, स्टारफिश, शेवाळाची पात, कॅमेरा, माणसाचं बोट हे सगळं तोंडाने बघतं. बाळाला दात नसतात एवढाच फरक.

पाण्यात इतके खेळतात ते का

मेक्सिकोत ला पाझ शहराजवळ एस्पिरितू सांतो बेट आहे, त्याच्या टोकाला लोस इस्लोतेस नावाचे खडक आहेत, तिथे सी लायनची वसाहत आहे आणि नियम पाळून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरता येतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात बेअर्ड बे इथेही ऑस्ट्रेलियन सी लायनबरोबर असं पोहता येतं. जे जाऊन आलेत ते सगळे जवळपास सारखंच सांगतात, आपण स्वतःहून काही केलं नाही, नुसते तरंगत राहिलो, आणि पिल्लं आली.

का आली? कारण पाण्यात मालक ते आहेत. जमिनीवर तुम्ही त्याच्याकडे चालत गेलात तर त्याला पळायचा हिशोब करावा लागतो, पाण्यात त्याला तुमची काहीच भीती नाही, तुम्ही हात हलवेपर्यंत तो तुमच्याभोवती दोन चकरा मारून गेलेला असतो. अंगात ताकद आहे, पोट भरलेलं आहे, शिकार करायला शिकायचं वय आहे, आणि समोर एक मोठा, हळू, विचित्र प्राणी तरंगतोय ज्याच्या तोंडातून बुडबुडे येतायत. खेळ म्हणजे त्याच्यासाठी सराव. स्टारफिश वर नेऊन सोडायची आणि बुडताना परत पकडायची हा खेळ पाहिला की कळतं की उद्या हेच माशाबरोबर करायचंय.

पण त्याच पाण्यात मोठा नर असतो. त्याच्या कपाळावर उंचवटा असतो, त्यावरून तो लांबूनही ओळखता येतो. विणीच्या काळात म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट तो आपल्या हद्दीत गस्त घालतो, आठवडेच्या आठवडे काही खात नाही, आणि समोर येऊन भुंकत बुडबुडे सोडतो तेव्हा तो खेळत नसतो, बाहेर हो म्हणत असतो. बरेच नवखे लोक नेमका हाच क्षण 'माझ्याशी बोलायला आला' म्हणून सांगतात! लोस इस्लोतेसला जून ते ऑगस्ट पाण्यात उतरणं बंद ठेवतात ते याचसाठी. नरांना हद्द सांभाळू द्यायची, माद्यांना पिल्लं वाढवू द्यायची.

मग गॅलापागोसमध्ये तर ते बाकावर झोपतात

हो, झोपतात. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर, सान क्रिस्तोबालच्या गावात माणसांच्या बाकांवर, जेट्टीच्या पायऱ्यांवर सी लायन आडवे पडलेले असतात. सांता क्रूझ बेटावर पुएर्तो आयोरा गावच्या मासळी बाजारात तर मासे कापणाऱ्या बाईच्या अगदी कमरेजवळ एक सी लायन मान वर करून उभा असतो, शेजारी पेलिकन पक्षी, आणि बाई मध्येच न बघता कोपराने त्याला थोडं मागे सारते आणि परत कापायला लागते. ते दृश्य मांजर आणि स्वयंपाकघर याहून काही वेगळं नाही.

हे असं का, याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. या बेटांवर जमिनीवरचे मोठे शिकारी प्राणी कधी नव्हतेच. माणूस तिथे पोचल्याची पहिली लेखी नोंद १५३५ सालची. म्हणजे लाखो वर्षं तिथल्या प्राण्यांच्या पिढ्यांना जमिनीवरून येणाऱ्या कशापासून पळायची गरज पडली नाही, आणि जी गरज पडत नाही ती भीती अंगात उतरत नाही. ज्या गावात कधी चोरीच झाली नाही तिथे दाराला कडी लावत नाहीत, तसं. पण कडी नाही म्हणून परक्याने सरळ आत जाऊन पलंगावर बसायचं का? गॅलापागोस नॅशनल पार्कचा नियम आहे की प्राण्यापासून किमान २ मीटर लांब राहायचं, आणि तो स्वतः जवळ आला तर आपण मागे सरायचं.

पिल्लाला हात लावू नका असं गाईड पुन्हा पुन्हा बजावतात, तेही उगाच नाही. आई समुद्रात मासे पकडायला जाते ती दिवस दोन दिवसांनी परत येते, शेकडो पिल्लांमधून स्वतःचं पिल्लू आधी आवाजाने शोधते, मग नाक लावून वासाने खात्री करते. त्या वासात आपली ढवळाढवळ कशाला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरचे सी लायन

आता दुसरा प्रकार. इथे भीती होती, पण ती झिजली. याला अभ्यासक हॅबिच्युएशन म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट रोज दिसते आणि काही वाईट होत नाही म्हटल्यावर तिच्याकडे लक्ष देणं सोडून देणं. रेल्वेलाइनजवळ राहायला गेलेल्या माणसाला पहिला आठवडा झोप येत नाही, महिन्याभराने गाडी गेलेली कळतसुद्धा नाही, तेच.

१७ ऑक्टोबर १९८९ ला सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या महिन्यांत पिअर ३९ नावाच्या धक्क्याशेजारच्या, बोटी लावायच्या तरंगत्या फळ्यांवर सी लायन चढून बसायला लागले आणि १९९० च्या सुरुवातीला त्यांची संख्या झपाट्याने वाढली. बोटवाले वैतागले, कारण वास, आवाज आणि फळ्यांचं नुकसान. शेवटी जाणकारांचा सल्ला घेऊन असं ठरलं की सी लायनना राहू द्यायचं, बोटी हलवायच्या. तेव्हापासून के डॉक नावाचा तो भाग त्यांचा झाला. भूकंपाचा यात किती हात आहे ते बाजूला ठेवू, पण खाडीत मासे भरपूर, शिकारी पोचत नाहीत, आणि भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणाऱ्या कोरड्या फळ्या, यापेक्षा त्यांना काय हवं. मे २०२४ मध्ये तिथे १००० हून जास्त सी लायन मोजले गेले, ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात मोठी गर्दी होती.

मी तिथे उभी राहून तासभर बघत होते. डोळे मिटून ऐकलं तर शंभर कुत्री भुंकतायत असं वाटतं. एक मोठा नर फळीच्या मधोमध, एक लहान पाण्यातून उडी मारून कडेला चढला, त्याने मान उंच करून छाती पुढे काढली, मोठ्याने फक्त डोकं त्याच्याकडे वळवलं आणि लहान परत पाण्यात. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. वर कठड्याला आम्ही दोनशे माणसं ओरडत होतो, फोटो काढत होतो, आणि त्या दोघांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. आम्ही त्यांच्यासाठी रेल्वेगाडी होतो.

खायला टाकलं की सगळं बदलतं

सवय होणं इथवर ठीक आहे. पण माणूस म्हणजे खाणं हे एकदा डोक्यात बसलं की मामला वेगळा. कारण मग तो प्राणी तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाही, तुमच्या हाताकडे बघायला लागतो.

मे २०१७ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या रिचमंड शहराच्या मासेमारी धक्क्यावर जे झालं त्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. सी लायन धक्क्याजवळ पाण्यात होता, तिथे लोक त्याला खायला टाकत होते असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. तो एकदा पाण्यातून वर उसळला, एका लहान मुलीच्या अगदी तोंडाजवळ आला, सगळे हसले. मग मुलगी धक्क्याच्या कडेला बसली, आणि दुसऱ्या क्षणाला त्याने तिचा फ्रॉक मागून तोंडात धरून तिला पाण्यात ओढलं. घरातल्या माणसाने लगेच उडी मारली म्हणून काही सेकंदांत ती बाहेर आली. ती वाचली हे महत्त्वाचं. पण व्हिडिओ पुन्हा पाहा, त्याचा फ्रॉकवरचा झटका आणि हातातला मासा ओढायचा झटका यात काही फरक नाही. त्याला मुलगी नकोच होती, त्याला खाणं हवं होतं आणि कडेला जे काही पांढरं लोंबतंय ते खाणंच असणार हे त्याला माणसांनीच शिकवलं होतं.

प्रेमाने खायला घालणंसुद्धा किती महाग पडतं याचं उदाहरण डॉल्फिनचं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मंकी मिया इथे डॉल्फिन किनाऱ्यावर येऊन लोकांच्या हातून मासे घेतात, वर्षानुवर्षं हा सगळ्यांचा आवडता अनुभव. पण अभ्यासात दिसलं की मासे घेणाऱ्या माद्यांची पिल्लं जास्त मरत होती. आई किनाऱ्याशी ताटकळत राहणार, पिल्लाला दूध कमी, लक्ष कमी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नियम कडक केले, मासे मोजकेच आणि ठरलेल्या वेळीच, तेव्हा पिल्लं जगायचं प्रमाण सुधारलं.

अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली अशा प्राण्यांना खायला घालणं, त्रास देणं हा गुन्हा आहे. कित्येकांना तो नियम रुक्ष वाटतो. मला नाही वाटत.

आणि मग ते चावायला का लागले

आता मूळ बातमीकडे येऊ, आणि इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं कारण हा सगळा प्रकार एका डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळापासून सुरू होतो.

वसंतात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वारे असे वाहतात की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यात पोषण भरपूर, म्हणजे शेताला खत पडल्यासारखं. मग सूक्ष्म शेवाळ प्रचंड वाढतं, आणि त्यातच स्यूडो-नित्शिया नावाची एक सुईसारखी जात असते. ती कधी कधी डोमोइक ॲसिड नावाचं विष बनवते, दर वेळी नाही.

ते शेवाळ अँकोव्ही आणि सार्डिनसारखे छोटे मासे गाळून खातात. विष त्यांच्या पोटात साठतं, मासा मात्र ठणठणीत दिसतो. सी लायन असे मासे किलो किलोने खातो. प्रत्येक माशात थोडं थोडं, पण खाणाऱ्याच्या पोटात सगळं एकत्र.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो ग्लुटामेट नावाच्या रसायनाने. दाराची बेल समजा. कोणीतरी बटण दाबतं, बेल वाजते, बोट काढलं की थांबते. डोमोइक ॲसिडचा आकार ग्लुटामेटसारखा असल्यामुळे ते त्याच बटणावर बसतं, पण बोट काढतच नाही. बेल वाजतच राहते, वाजतच राहते, आणि शेवटी पेशी जळून जाते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं, म्हणजे आठवण आणि रस्ता शोधणं जिथे चालतं तिथलं.

अशा सी लायनला फेफरं येतं. मान एका लयीत डावीकडे उजवीकडे हलत राहते. कधी तो डोकं मागे टाकून नुसता आकाशाकडे बघत बसतो. कधी गुंगीत पडून राहतो आणि माणूस अगदी जवळ गेला तरी हलत नाही, आणि लोकांना वाटतं वा, किती शांत आहे, चला सेल्फी. आणि मग अचानक भान येतं, समोर काय आहे ते कळत नाही, कुठे आहोत ते कळत नाही, समोर मोठी सावली आहे, आणि तो चावतो. पाण्यात सर्फरच्या मागे लागतो तेव्हाही बहुतेक हेच. तो कोणावर चिडलेला नसतो, त्याला फेफरं येऊन गेलेलं असतं. त्या व्हिडिओंखाली लोक 'सैतान' वगैरे लिहितात ना, ते वाचून मला फार वाईट वाटतं, कारण त्या क्षणी किनाऱ्यावर सगळ्यात घाबरलेला जीव तोच असतो.

सी लायनमध्ये हे विष १९९८ साली पहिल्यांदा पक्कं ओळखलं गेलं. माणसांत त्याआधीच, १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले, आणि जगलेल्यांपैकी काहींची नव्या गोष्टी लक्षात ठेवायची क्षमताच गेली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे शेवाळ इतकं पसरलं की कॅलिफोर्नियातला खेकड्यांचा हंगामच पुढे ढकलावा लागला.

वसंतातला हा फटका माद्यांना विशेष बसतो, कारण त्या तेव्हा गाभण असतात आणि पिल्लं साधारण जूनमध्ये होतात. आईच्या रक्तातून विष बऱ्यापैकी लवकर लघवीवाटे निघून जातं, पण गर्भाभोवतीच्या पाण्यात ते रेंगाळतं. म्हणून वरून बरी दिसणारी मादीसुद्धा आतून झगडत असते.

यावर इलाज आहे का

थोडाफार. बचाव केंद्रांमध्ये फेफरं थांबवायचं औषध देतात, अंगात पाणी भरतात, शांत अंधाऱ्या जागी ठेवतात. लवकर सापडलेले कित्येक बरे होऊन समुद्रात जातात. पण मेंदूची जखम पक्की झाली असेल तर फेफरं परत परत येतं.

क्रोनट नावाच्या एका नराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१७ मध्ये तो कॅलिफोर्नियात भरकटलेला सापडला. सोडलं की पुन्हा किनाऱ्यावर येऊन पडायचा, शेवटी त्याला व्हालेहो इथल्या एका प्राणी उद्यानात ठेवलं. फेफरं वाढत गेलं, खाणं सुटलं, वजन उतरलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने डुकराच्या भ्रूणातल्या मेंदूच्या पेशी त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सोडल्या. या पेशी अति वाजणारी बेल शांत करणाऱ्या जातीच्या. त्यानंतरच्या वर्षभरात त्याला फेफरं आलेलं दिसलं नाही आणि तो परत खायला लागला. एका प्राण्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण जो प्राणी मरणार असं सगळे धरून चालले होते तो मासे मागायला लागला, हे मला फार मोठं वाटतं.

किनाऱ्यावर पडलेल्या प्राण्याला पाण्यात ढकलायचं का

नाही. हा प्रश्न चांगल्या मनाचे लोक विचारतात म्हणून स्पष्ट सांगते. सी लायन म्हणजे मासा नव्हे, तो कोरडा राहिला म्हणून मरत नाही. तो विश्रांतीला जमिनीवर येतोच, आणि फेफरं येत असेल तर पाण्यात बुडू नये म्हणूनच बाहेर आलेला असतो. त्याला ढकललं तर तोच धोका परत. अंगावर पाणी ओतायचं नाही, टॉवेल टाकायचा नाही, कुत्रा लांब ठेवायचा, आणि त्या भागातल्या बचाव यंत्रणेला फोन करायचा.

एकटं पिल्लू दिसलं तरी तेच. आई बाजारात गेलीय, टाकून गेलेली नाही. २०१६ मध्ये यलोस्टोनमध्ये पर्यटकांनी गव्यासारख्या बायसनचं वासरू थंडीने कुडकुडतंय म्हणून गाडीत घातलं. पार्कवाल्यांनी ते कळपात परत मिसळायचा प्रयत्न केला, कळपाने घेतलं नाही, ते सारखं माणसांकडे, गाड्यांकडे यायला लागलं आणि शेवटी त्याला मरण द्यावं लागलं. उचलणाऱ्यांच्या मनात दयाच होती.

आजारांचंही थोडक्यात सांगते. सी लायनमध्ये लेप्टोस्पायरोसिस असतो. सील किंवा सी लायन चावला तर 'सील फिंगर' नावाचा संसर्ग होऊ शकतो ज्याला पेनिसिलिन लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरला कोणता प्राणी चावला ते सांगणं गरजेचं. सी लायनचे अगदी जवळचे नातेवाईक असलेल्या केप फर सीलमध्ये २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत रेबीज सापडला. आणि २०२३ मध्ये पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर बर्ड फ्लूने हजारो सी लायन मेले. त्यामुळे चाव्याला बारीकसा ओरखडा म्हणून सोडून देऊ नये.

पण काही लोक तर व्हेलला हात लावतात, ते कसं चालतं

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर म्हणजे मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर भेट आहे.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या सान इग्नासियो खाडीत ग्रे व्हेल हिवाळ्यात पिल्लं घालायला येतात. एकोणिसाव्या शतकात बाहाच्या याच खाड्यांमध्ये व्हेल मारणाऱ्यांनी त्यांची कत्तल केली. पिल्लं वाचवायला माद्या उलटून बोटी फोडायच्या म्हणून त्यांना डेव्हिल फिश हे नाव पडलं, आणि कोळ्यांमध्ये ती भीती पिढ्यानपिढ्या टिकली, व्हेल दिसली की होडी दुसरीकडे वळवायची. १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल, ज्यांना सगळे पाचिको म्हणायचे, लहान होडीतून मासे पकडत होते तेव्हा एक व्हेल होडीला येऊन लागली आणि हलेचना. ती होडीच्या या बाजूने त्या बाजूला जाई, खालून अंग घासे. बऱ्याच वेळाने त्यांनी घाबरत घाबरत हात लावला, आणि ती तिथेच राहिली. तेव्हापासून तिथे व्हेल होडीजवळ येतात, काही माद्या तर पिल्लाला पुढे ढकलतात. होड्यांची संख्या ठरलेली, पाठलाग करायचा नाही, थांबायचं, आली तर आली.

ती भेट खरी का वाटते, तर ती व्हेलने ठरवली होती. १४ मीटरच्या प्राण्याला आठ मीटरच्या होडीपासून दूर जायचं असतं तर शेपटीच्या एका फटक्याचं काम होतं. जिथे प्राण्याला निघून जायचा रस्ता मोकळा असतो आणि तरी तो थांबतो, तिथे त्या थांबण्याला काही अर्थ असतो. खडकावर कोंडलेल्या, पिल्लाशेजारी बसलेल्या किंवा गुंगीत पडलेल्या प्राण्याच्या न हलण्याला तो अर्थ नाही.

आणि तरीही खात्री नसतेच. फोटोग्राफर पॉल निकलेन अंटार्क्टिकात पाण्यात होते तेव्हा एका प्रचंड लेपर्ड सील मादीने त्यांना चार दिवस पेंग्विन आणून दिले, आधी जिवंत, ते पकडत नाहीत म्हटल्यावर थकलेले, मग मेलेले. त्यांना वाटलं ती आपल्याला उपाशी समजून भरवतेय. त्याच अंटार्क्टिकात २००३ मध्ये ब्रिटिश संशोधन केंद्राच्या एका शास्त्रज्ञ तरुणीला लेपर्ड सीलने खाली ओढून नेलं आणि ती बुडाली. जात तीच.

मग अंतर ठेवायचं तरी किती

अमेरिकेत सील आणि सी लायनसाठी साधारण ४५ मीटर सांगतात, व्हेलसाठी ९० च्या पुढे. गॅलापागोसला २ मीटर. फरक का, ते आता लक्षात आलं असेल, तिथल्या प्राण्यांचा माणसाबरोबरचा इतिहास वेगळा. पण आकडा आठवला नाही तरी प्राण्याकडे बघून कळतं. झोपलेल्याने डोकं उचललं म्हणजे तुम्ही जवळ आलात. तो टक लावून बघतोय, जांभई दिल्यासारखं तोंड उघडतोय, पाण्याच्या दिशेने सरकतोय, म्हणजे फार जवळ आलात. एक घाबरून पळाला की सगळा कळप पाण्याकडे धावतो आणि त्या धावपळीत पिल्लं चिरडली जातात, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

सॅन दिएगोजवळ ला होयाच्या खडकांवर लोक पिल्लांच्या जवळ जाऊन फोटो काढतात, त्यांना पळवतात, हे वर्षानुवर्षं चालू होतं. शेवटी २०२३ मध्ये शहराने पॉइंट ला होया हा भाग वर्षभर बंद ठेवायचं ठरवलं. काही जण चिडले की समुद्र सगळ्यांचा आहे. मला मात्र वर रस्त्याकडच्या कठड्यावरून जे दिसलं ते खाली उतरून कधीच दिसलं नसतं. एक मादी समुद्रातून ओली, चमकत वर आली आणि ओरडली. लांबच्या कपारीतून बारीक आवाज आला. ती ओरडत आणि ते उत्तर देत, दगडांवरून धडपडत, मध्ये दुसऱ्या एकीने त्याला दात दाखवून हाकललं, ते वळसा घालून आलं, आणि तिने त्याच्या तोंडाला नाक लावलं, बराच वेळ, मग आडवी झाली आणि ते प्यायला लागलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. तिने एकदाही वर पाहिलं नाही.